आज्याचा टीबी, नातवाचा टीबी

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावात एकाच घरात दोघांना टीबी निघाला. आजा सत्तरीचा, नातू बावीस-तेवीसचा. आजा छपरीत खाटेवर पडून दिवसभर खोकतो. नातू दोन वर्षं पुण्याकडे बांधकामावर होता आणि दिवाळीला घरी आला तो ताप अन् खोकला घेऊनच. गावाचा निकाल ठरलेला असतो: "आज्याचाच लागला त्याले." एका छपराखाली राहणारी माणसं, तेव्हा दवाखान्यातही बहुधा हेच धरून चालतात. पण दोघांच्या बेडक्यातले जंतू वाढवून त्यांचा जीनोम, म्हणजे जंतूचा अख्खा आनुवंशिक मजकूर, वाचला, तर निकाल फिरू शकतो.

टीबीच्या जंतूचा जीनोम सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे. त्यात बदल फार सावकाश होतात, साधारण दोन वर्षांत एखादं अक्षर. म्हणून दोन रुग्णांच्या जंतूंत पाचपेक्षा जास्त अक्षरांचा फरक नसेल, तर लागण अलीकडची आणि एकाच साखळीतली मानतात. फरक बाराच्या वर गेला की एकाचा दुसऱ्याला लागला ही शक्यता जवळजवळ संपते. आपल्या काल्पनिक घरात तर फरक शेकड्यांनी निघू शकतो, कारण दोघांचे जंतू वेगवेगळ्या घराण्यांतलेही असू शकतात.

टीबीच्या जंतूची माणसात आढळणारी मुख्य घराणी सात मानली जात. अलीकडे त्यात आणखी भर पडली आहे. पहिलं घराणं हिंदी महासागराभोवतीचं, दक्षिण भारतात त्याचा जोर. तिसरं उत्तर भारताचं. नकाशावर विदर्भ या दोन पट्ट्यांच्या मधोमध येतो. दुसरं घराणं पूर्व आशियातलं; त्यातला 'बीजिंग' प्रकार औषधांना न जुमानण्याबद्दल बदनाम आहे.

आता गंमत अशी, की रुग्णांची वयं आणि जंतूंची घराणी शेजारी मांडली की काही देशांत एक ठसा उमटतो. व्हिएतनाममध्ये बीजिंग प्रकार तरुणांत जास्त आणि पहिलं घराणं म्हाताऱ्यांत जास्त. मग बीजिंगला तरुण शरीर आवडतं की काय? असं म्हणण्याची घाई करू नये. टीबीचा जंतू शरीरात शिरला की लगेच आजार होतोच असं नाही. बहुतेकांत तो वर्षानुवर्षं निपचित राहतो. जन्मभरात शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आजार होतो. म्हाताऱ्याच्या छातीत आज जागा झालेला जंतू कदाचित चाळीस वर्षांपूर्वी गावात फिरत होता, तर तरुणाच्या छातीतला आजच्या हवेतला. म्हणजे वय हा इथे जंतूच्या स्वभावाचा पुरावा नसून लागण कधी झाली त्याची तारीख असू शकते. त्या नातवाच्या बाबतीत तपास करायचा तर गावातल्या घरापेक्षा पुण्यात तो बाकीच्या कामगारांसोबत राहत असेल ती दहा-बारा जणांची खोली आधी बघावी लागेल.

जंतूच्या स्वभावाचा भाग मात्र अगदीच नाही असं नव्हे. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात रुग्णांच्या घरच्या माणसांवर लक्ष ठेवून २००८ मध्ये एक निष्कर्ष निघाला. तिथलं स्थानिक 'आफ्रिकानम' घराणं आणि नेहमीचा टीबीचा जंतू, दोघांची लागण सारखीच होत होती. पण दोन वर्षांत प्रत्यक्ष आजारी पडणारे नेहमीच्या जंतूच्या बाबतीत जवळपास तिप्पट होते. स्वित्झर्लंडमधला अभ्यास मला याहून बोलका वाटतो. रुग्ण मूळचा ज्या भूभागातला, त्याच भूभागातलं जंतूचं घराणं त्याच्यात सहसा सापडतं. एचआयव्ही असलेल्या रुग्णांत ही जोडी विस्कटलेली दिसली, आणि प्रतिकारशक्ती जितकी खचलेली तितकी जास्त. पहारा उठला की ओळखीचा-अनोळखी कुणीही आत शिरतो.

हे वाचून कुणी विचारेल, मग आमच्या तालुक्यात घराणं का तपासत नाहीत? तिथलं सीबीनॅट मशीन जंतूचं घराणं सांगतच नाही. जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला तो दाद देतो का, एवढं दोन तासांत सांगतं. उपचारासाठी तेच लागतं. घराणं कोणतंही असो, गोळ्या त्याच. बदलतात त्या औषध लागू पडत नसेल तर.

आणि एचआयव्हीने जे होतं, त्याच दिशेचं काम विदर्भात भूक करते. मेळघाट, गडचिरोलीसारख्या भागात पहारा उठायला एचआयव्हीच लागतो असं नाही. सोबत विडी आणि दारू असते, शहराजवळच्या गावांत हल्ली मधुमेहही. पण भारतात टीबीचा धोका वाढवणारं सगळ्यात मोठं कारण कुपोषण. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात रुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत फक्त रुग्णालाच शिधा मिळत होता, त्यांच्या तुलनेत या घरांत नवे टीबी रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले. डाळ-भाताने कुणाच्या जंतूला घराणं विचारलं नव्हतं. खुद्द रुग्णांतही, पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे दोन किलो. आरोग्य केंद्रातल्या वजनकाट्यावर सहज दिसणारा हा फरक. औषधाच्या कार्डावर तो दर महिन्याला नोंदायलाच हवा.

टीबी रुग्णाच्या खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते रुग्णाच्या खात्यात जमा होतात. घरच्या बाकीच्यांसाठी शिध्याची टोपली देण्याची सोय 'निक्षय मित्र' या दात्यांमार्फत आहे. म्हणजे गावाला दाता मिळाला तर.