महागड्या रेस्टॉरंटच्या पाट्या: त्या कुठून आल्या आणि निवड करताना काय बघायचं

विदर्भातल्या आर्वी, दारव्हा, मूल, अचलपूर अशा गावांत ‘हाटेल’ म्हणजे चहा, पोहे-तर्री आणि आलूबोंडा. जेवायचं तर भोजनालय, नाहीतर हायवेवरचा ढाबा. झणझणीत मटण हवं असेल तर सावजी. मग मुलाला पुण्यात नोकरी लागते किंवा मुलीची सोयरीक मुंबईत जुळते, आणि दहा-बारा जणांनी शहरातल्या एखाद्या ‘चांगल्या’ ठिकाणी जेवायचं ठरतं. निवड बहुतेक वेळा पाटीवरून होते: एसी, फाइव्ह स्टार, फाइन डाइन (उंची, निवांत जेवण), मल्टिक्युझिन (अनेक प्रांत-देशांचे पदार्थ), नाहीतर मोबाइलवर दिसणारे 4.3 गुण. यातली प्रत्येक खूण वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजेपोटी तयार झाली. जेवणाच्या चवीशी त्यातल्या फारच थोड्यांचा थेट संबंध आहे.

युरोपातली जुनी सराई बरीचशी आपल्या खानावळीसारखीच चालायची. वेळ ठरलेली, टेबल एकच, आणि त्या दिवशी जे शिजलं ते सगळ्यांनी खायचं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये ही पद्धत मोडली. स्वतंत्र टेबल, पदार्थागणिक भाव लिहिलेलं कार्ड आणि आपल्याला हव्या त्या वेळी जेवण. 1782 साली बोव्हिलिए या आचाऱ्याने तिथे उघडलेलं रेस्टॉरंट हे उंची रेस्टॉरंटचं पहिलं ठळक उदाहरण मानलं जातं. 1789च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सरदारांची घरं बसली, त्यांचे आचारी बाजारात आले आणि या धंद्याला जोर चढला. पुढे एकोणिसाव्या शतकात सगळे पदार्थ एकदम मांडण्याऐवजी एकामागून एक वाढण्याची रशियन रीत रुळली. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात एस्कॉफिए या फ्रेंच आचाऱ्याने 1890च्या दशकात स्वयंपाकघराची विभागणी केली: रस्से एकाकडे, भाजणं दुसऱ्याकडे, गोड तिसऱ्याकडे. आजचं महागडं किचन याच घडीवर चालतं. म्हणूनच तिथे एका टेबलाचे सगळे पदार्थ एकदम येत नाहीत, आणि उशीर झाला म्हणून वेटरला दटावून काही होत नाही.

पंगतीत वाढलेल्या माणसाची गडबड नेमकी इथे होते. पंगतीत वाढपी फिरत राहतो, आग्रह होतो, पोट भरेपर्यंत पोळी येते. कार्डावर भाव लिहिलेल्या ठिकाणी मागितलं तेवढंच येतं आणि आलं त्या प्रत्येकाचं बिल होतं. बारा जणांनी बारा भाज्या मागवल्या की निम्मं उरतं. भारतीय पद्धतीच्या रेस्टॉरंटमध्ये रश्श्याचा एक बाऊल साधारण दोन ते तीन जणांना पुरतो. बारा जणांसाठी स्टार्टरच्या तीन-चार प्लेट (एकीत बहुधा सहा ते आठ तुकडे असतात, तेवढं विचारून घ्यावं), डाळ धरून पाच बाऊल, भात किंवा बिर्याणी तीन प्लेट एवढं सुरुवातीला बास होतं. रोट्या आधी बाराच सांगायच्या. चोवीस एकदम आल्या तर शेवटच्या दहा वातड होतात, नान तर पाच मिनिटांतच. इटालियन किंवा युरोपीय ठिकाणी हिशेब उलटा आहे: तिथे मुख्य पदार्थाची प्लेट एका माणसाची असते.

रेल्वे, इराणी आणि पडद्याची खोली

आपल्याकडे बाहेरचं टेबल-खुर्चीवरचं जेवण मुख्यतः रेल्वेसोबत आलं. कापसाच्या ओढीने जीआयपी रेल्वे 1867 साली नागपूरला पोचली. मोठ्या स्टेशनांवर साहेबांसाठी रिफ्रेशमेंट रूम झाल्या आणि बाकीच्यांसाठी ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे माठ राहिले. मुंबईत वॉटसन हॉटेल 1871 साली उघडलं, ताजमहाल हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी. सामान्य माणसाच्या खानावळी मात्र जातीवर चालत. कोण शिजवतो आणि शेजारी कोण बसतो, हा पहिला प्रश्न असे. इराण्यांच्या हॉटेलांनी तो बराचसा बाजूला सारला. संगमरवरी टेबलावर चहा-ब्रुनमस्का मागणाऱ्याला जात विचारली जात नव्हती. पुढे राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये सार्वजनिक उपाहारगृहात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थानावरून कुणालाही अडवता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं गेलं. गावातून आलेल्या कुटुंबाला काचेच्या दारासमोर उगाच संकोच वाटतो. त्या दाराबद्दल घटनेत एक ओळ आहे, हे ठाऊक असलेलं बरं.

‘फॅमिली रूम’ ही पाटी बायका-मुलांना चारचौघांच्या नजरेआड बसता यावं म्हणून आली. तालुक्याच्या ठिकाणी ती आजही दिसते, कारण मुख्य हॉल बहुधा परमिट रूम असतो. परमिट रूमच्या मागे 1949चा मुंबई दारूबंदी कायदा आहे: पिण्यासाठी परवाना हवा, म्हणून पिण्याच्या जागेलाही परवान्याचंच नाव चिकटलं. विदर्भात हा धागा आणखी गुंतागुंतीचा आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 साली आली आणि 2021 साली उठली. त्यामुळे आपल्या भागातला माणूस ‘बार अँड रेस्टॉरंट’ वाचलं की घरच्यांना घेऊन मागे फिरतो. मुंबई-पुण्यातल्या उंची रेस्टॉरंटमध्ये बार हॉलच्या मधोमध असतो आणि शेजारच्याच टेबलावर आजी नातवाला भरवत असते. तरी घरातल्या मोठ्यांना अवघडल्यासारखं होणार असेल तर टेबल सांगतानाच ‘बारपासून लांब’ म्हणावं, किंवा दुपारची वेळ घ्यावी.

स्टार कशाचे?

स्वातंत्र्यानंतर पंजाबातून आलेल्या लोकांनी तंदूर शहरात आणला. दिल्लीच्या दर्यागंजमधलं मोतीमहल 1947चं. मुंबईत चर्चगेटला गेलॉर्ड 1956 साली सुरू झालं. पण 1970 ते 1990च्या काळात महागडं जेवण प्रामुख्याने पंचतारांकित हॉटेलांच्या आतच राहिलं. दारूचा परवाना, परदेशी सामान आणि रात्रंदिवस चालणारा एसी हे सगळं त्यांनाच परवडे. दिल्लीच्या मौर्य हॉटेलातलं बुखारा त्याच काळातलं. तिथे गळ्यात एप्रन बांधून हाताने खातात, हे काट्या-चमच्याच्या धास्तीने महागडी ठिकाणं टाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. 1991च्या आर्थिक उदारीकरणानंतर चित्र पालटलं. कुलाब्यात 1999 साली उघडलेल्या इंडिगोसारख्या हॉटेलबाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटांनी जम बसवला आणि चांगल्या आचाऱ्यांचा ओघ तिकडे गेला. मुंबईचं मास्क हे 2016चं. तिथे कार्ड नसतं, ठरलेल्या पदार्थांची मालिका असते.

‘फाइव्ह स्टार म्हणजे सर्वांत चांगलं जेवण’ हे समीकरण त्या जुन्या काळातून उरलेलं आहे. पर्यटन मंत्रालयाकडून मिळणारे हे तारे ऐच्छिक आहेत आणि ते खोल्या, सोयी, सुरक्षितता, सेवा अशा संपूर्ण हॉटेलला मिळतात; भाजीच्या फोडणीला मिळत नाहीत. ‘फाइन डाइन’ या शब्दाला तर कुणाची परवानगीच लागत नाही. रंगारी सांगाल ते लिहून देतो.

मिशेलिनचे तारे वेगळे. फ्रान्सच्या टायर कंपनीने 1900 साली मोटारवाल्यांसाठी पुस्तिका काढली. लोक जास्त फिरले तर टायर जास्त झिजतील, हा साधा हिशेब. 1926 साली चांगल्या जेवणाला तारा देणं सुरू झालं, 1931 साली एक-दोन-तीन अशी उतरंड आली आणि 1936 साली निकष छापले गेले. परीक्षक ओळख न देता जातात, पैसे भरून जेवतात. भारतात मिशेलिनने अजून परीक्षणच केलेलं नाही. विनीत भाटिया आणि अतुल कोचर या भारतीय आचाऱ्यांना 2001 साली तारा मिळाला, तोही लंडनमधल्या रेस्टॉरंटसाठी. तेव्हा मुंबई-पुण्यातल्या जाहिरातीत ‘मिशेलिन’ दिसलं, तर तो तारा परदेशातल्या कुठल्यातरी ठिकाणाचा आहे हे समजून घ्यावं आणि त्या आचाऱ्याचा इथल्या चुलीशी रोजचा संबंध किती, ते विचारावं.

एसीची पाटी आणि बिलाचा तळ

एसीच्या पाटीमागे कराचा इतिहास आहे. मे 2011 पासून एसी आणि दारूचा परवाना दोन्ही असलेल्या रेस्टॉरंटवर सेवाकर आला; एप्रिल 2013 पासून नुसता एसी असला तरी. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा बिनएसीला 12 टक्के आणि एसीला 18 टक्के असा भेद होता. त्याच वर्षी 15 नोव्हेंबरपासून तो मिटला आणि सरसकट 5 टक्के झाले. ‘एसीत बसलं की टॅक्स जास्त’ हा समज त्या चार-सहा वर्षांचा उरलेला आहे. आज फरक पडतो तो जागेवरून. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं 7,500 रुपयांच्या वर आहे, त्याच्या आतल्या रेस्टॉरंटला 18 टक्के लागतात.

समजा जेवण 6,000 रुपयांचं झालं. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये 300 रुपये जीएसटी धरून 6,300. मोठ्या हॉटेलात त्याच जेवणावर 10 टक्के सेवाशुल्क (सर्व्हिस चार्ज) लावलं तर 6,600, त्यावर 18 टक्के म्हणजे 1,188, एकूण 7,788. यातलं सेवाशुल्क हा सरकारी कर नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी ते आपोआप बिलात लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ही भूमिका उचलून धरली. बिलात ते आलंच तर शांतपणे काढायला सांगावं. ऐकलं नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. वेटरला खूश होऊन वेगळे पैसे देणं हा आपला प्रश्न. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, म्हणून तिचा हिशेब वेगळा मांडलेला हवा.

पाण्याचं मात्र उलटं आहे. एमआरपीपेक्षा जास्त घेतले म्हणून पुष्कळ जण भांडतात, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटना बाटलीबंद पाण्याचे छापील किमतीहून जास्त पैसे घेण्याची मुभा दिली. बसल्याबसल्या वेटर कुठलं पाणी विचारतो, तेव्हाच ‘साधं फिल्टरचं’ म्हणून टाकायचं. बाटली उघडली की वाद संपला.

फोन करण्याआधी

ॲपवरचे गुण बघताना घरपोच जेवणाचे आणि बसून जेवण्याचे गुण वेगळे आहेत का, ते आधी पाहावं. डब्यात नीट पोचलेल्या बिर्याणीचे गुण टेबलावरच्या सेवेबद्दल काही सांगत नाहीत. सरासरीपेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांतले अभिप्राय आणि लोकांनी टाकलेले बिलाचे फोटो जास्त कामाचे. आचारी बदलला की सहा महिन्यांपूर्वीचे गुण निरुपयोगी होतात.

गाडीची वेळ सगळ्यात जास्त नडते. विदर्भ एक्स्प्रेस मुंबईच्या सीएसएमटीहून संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते आणि बऱ्याच उंची रेस्टॉरंटचं रात्रीचं जेवण सातलाच सुरू होतं. त्याच दिवशी परतायचं असेल तर दुपारच्या जेवणाखेरीज मार्ग नाही. किचन बहुधा साडेतीनच्या आत बंद होतं, म्हणून टेबल साडेबाराचं घ्यावं. पदार्थांच्या मालिकेचं जेवण अडीच-तीन तास चालतं, माणशी ठरलेल्या दराने आगाऊ पैसे घेतात, आणि शाकाहारी मालिका हवी असेल तर ती टेबल ठरवतानाच सांगावी लागते. लहान मुलं किंवा आठनंतर न जेवणारे आजोबा बरोबर असतील तर या वाटेला जाऊच नये.

फोनवर विचारायचं ते एवढं: बारा जण एका टेबलावर बसतील का की दोन टेबलं जोडणार, शाकाहारी स्वयंपाकाची भांडी आणि तेल वेगळं आहे का, सेवाशुल्क लावता का, आगाऊ रक्कम किती आणि रद्द केल्यास परत मिळते का, आणि पोशाखाची अट. काही ठिकाणी पुरुषांना सँडल-चप्पल चालत नाही. ही रीत इंग्रजी क्लबांतून आली आहे. तामिळनाडूने 2014 साली कायदा करून क्लबसारख्या ठिकाणी वेष्टीला (तिकडच्या धोतराला) अडवायला बंदी केली, पण तो तामिळनाडूपुरता. घरातले कुणी धोतर नेसून येणार असतील तर आधी विचारावं. उत्तर आढेवेढे घेत आलं, तर तेवढ्याच पैशांत नीट बोलणारी दुसरी चार ठिकाणं त्याच रस्त्यावर असतात.