‘आता पाठांतर होत नाही हो’

1970 साली ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा मोडून पडलेले, थकलेले अप्पासाहेब बेलवलकर उभे करणारे डॉ. श्रीराम लागू 43 वर्षांचे होते. आपल्याकडे म्हातारा दाखवायची रीत साधारण अशीच आहे. तरणा नाही तर मध्यमवयीन नट घ्यायचा, केसांना पांढरं फासायचं आणि पाठीला बाक काढायला सांगायचं. खरोखरच्या सत्तरीतल्या माणसाला ‘काका, काम कराल का?’ असं विचारून बघा. गुडघे, रक्तदाब, रात्रीची तालीम या अडचणी नंतर येतात. पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘हौस दांडगी आहे रे, पण आता पाठांतर होत नाही.’

काका खोटं बोलत नसतात. फक्त नाटकाचं पाठांतर म्हणजे शाळेतल्या श्लोकांसारखं काहीतरी, असं त्यांनी धरलेलं असतं.

वयाबरोबर सगळी स्मृती एकाच वेगाने उतरत नाही. शब्दसंपत्ती साठीपर्यंत वाढतच असते. ओसरते ती कसलाही आधार नसताना, स्वतःच्या बळावर आठवून काढण्याची ताकद. किराण्याची यादी घरी राहिली की दुकानात उभं राहून डोकं खाजवावं लागतं. पण दुकानदाराने ‘हिंग?’ एवढं म्हटलं की ‘हो हो, हिंग!’ असं चटकन निघतं. टोरांटोत काम केलेले मानसशास्त्रज्ञ फर्गस क्रेक यांनी हा मुद्दा 1980च्या दशकात नीट मांडला. आधाराशिवाय आठवायला लावलं तर तरुण आणि वृद्ध यांच्यात मोठं अंतर दिसतं. खुणा दिल्या, ओळखायला सांगितलं, की तेच अंतर बरंच कमी होतं.

सगळ्यात आधी दगा देतात ती नावं. ‘अहो ते… आपले ते… जिभेवर आहे बघा!’ अशा वेळी चेहरा, नोकरी, घर, सगळं आठवत असतं. नावाचा उच्चार तेवढा हाती लागत नाही. यामागे एक गमतीदार प्रयोग आहे. 1987मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी लोकांना चेहऱ्यांसोबत आडनावं आणि व्यवसाय शिकवले, आणि त्यांत काही शब्द मुद्दाम दोन्हीकडे चालतील असे ठेवले. आपल्याकडचा ‘सुतार’ घ्या. हा माणूस सुतार आहे, असं सांगितलं तर ते लक्षात राहतं. याचं आडनाव सुतार आहे, असं सांगितलं तर जास्त वेळा निसटतं. शब्द तोच. पण धंद्याला रंधा, भुसा, लाकडाचा वास असे दहा धागे असतात आणि आडनाव एकाच धाग्यावर लोंबकळत असतं. वयाबरोबर असे धागे क्षीण होतात, असं मानसशास्त्रज्ञ मानतात. दहापैकी तीन गेले तरी भागतं. एकुलता एक सैल झाला की मात्र पंचाईत.

ज्येष्ठांचं नाटक बसवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. आईवर चिडण्याचं पानभर स्वगत काकू बिनचूक म्हणतील आणि ‘मिस्टर कारखानीस आले होते’ इथे अडखळतील. कारखानीसांचे ‘बँकेतले काका’ करून टाकावेत. लेखक सहसा रागावत नाही.

आता रंगमंचावरच्या नटाची स्थिती बघा. तो कोऱ्या कागदापुढे बसलेला नसतो. समोरचा काहीतरी बोललेला असतो, हातात पाण्याचा तांब्या असतो, उजवीकडे दार असतं, दोन पावलं पुढे आल्यावरच ते वाक्य यायचं असतं. क्रेक ज्याला आधार म्हणतात तो इथे चहूबाजूंनी असतो. क्यू, म्हणजे आपलं वाक्य आता आलं हे सांगणारी खूण, ही शेवटी दुकानदाराचं ‘हिंग?’च.

एक गोची मात्र खास मराठीची आहे. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. क्यू म्हणून शेवटचा शब्द धरायचा ठरवलं, तर निम्मी वाक्यं ‘आहे’ नाहीतर ‘होतं’वर येऊन थांबतात. त्यात वयाबरोबर कानाची उंच पट्टीचे आवाज टिपण्याची क्षमता आधी कमी होते, म्हणजे ‘स’, ‘श’, ‘फ’ असे व्यंजनांचे आवाज पुसट होतात आणि स्वर ऐकू येत राहतात. अशा कानाने शब्दाचा क्यू धरणं कठीणच. सहनटाने चष्मा काढला की आपलं वाक्य, असा डोळ्यांनी धरायचा क्यू द्यावा.

व्यावसायिक नट मुळात घोकतात का? अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या हेल्गा नॉइस या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे पती टोनी नॉइस हे नट-दिग्दर्शक. या जोडप्याने हा प्रश्न अनेक वर्षं लावून धरला. त्यांना आढळलं ते असं: अनुभवी नट नक्कल, म्हणजे संवादांची प्रत, हातात आली की वाक्यं रटत बसत नाही. हा माणूस हे का बोलतोय, याला समोरच्याकडून काय काढून घ्यायचंय, विनवतोय की टोमणा मारतोय, हे तो ओळीओळीला खणत जातो. वाक्य त्या खणण्यातून आपोआप बसतं. दुसरी गोष्ट त्याहून मजेची. प्रयोग संपून काही महिने उलटल्यावर नटांना संवाद विचारले, तेव्हा चालता-वळताना म्हटलेली वाक्यं, एका जागी उभं राहून म्हटलेल्या वाक्यांपेक्षा जास्त आठवली. मूव्हज बसवणं हा केवळ देखावा नसतो. हालचालही वाक्याला धरून ठेवते.

मग त्यांनी हीच रीत वृद्धांना शिकवली. 2004मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 60 ते 86 वयाचे 124 जण होते. काहींना चार आठवडे अभिनयाचे धडे, काहींना चित्रकलेचा रसास्वाद, काहींना काहीच नाही. नाटकाच्या गटाला स्मरणशक्ती वाढवण्याचा व्यायाम दिलेलाच नव्हता. तरीही शब्द आठवण्याच्या आणि प्रश्न सोडवण्याच्या चाचण्यांत हाच गट पुढे गेला. यावर कुणी म्हणेल, चार माणसांत मिसळलं, हसले-खिदळले की कुणालाही बरं वाटतं. म्हणून 2009च्या अभ्यासात त्यांनी अनुदानित वृद्धनिवासांतल्या 122 जणांना घेतलं, वयं 93पर्यंत, आणि तुलनेला गाण्याचा वर्ग ठेवला. गाण्यातही सोबत होती, शिक्षक होता, मजा होती. सरशी पुन्हा नाटकाची झाली.

इथे हुरळून जायची आपल्याला सवय आहे. ‘नाटक करा, स्मृतिभ्रंश टाळा’ असा फॉरवर्ड उद्या कुणी पाठवला तर तो पुढे ढकलू नका. काही आठवड्यांच्या वर्गांवरून असा निष्कर्ष निघत नाही, शिवाय अशा वर्गाला हौशी माणसंच नाव नोंदवतात. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 12 ज्येष्ठ नागरिक केंद्रांतल्या 390 जणांवर समूहगायनाचा मोठा प्रयोग झाला. सहा महिन्यांनी एकटेपणा घटला, जगण्यातला रस वाढला, पण बुद्धीच्या चाचण्यांत ठळक फरक पडला नाही. मला हा निकाल मुळीच निराशाजनक वाटत नाही. एकटेपणा घटणं ही लहान गोष्ट कधीपासून झाली?

जपानमध्ये मात्र हा खेळ काही आठवड्यांचा नव्हता. टोकियोजवळच्या साइतामात, शेक्सपिअरच्या नाटकांमुळे जगभर नाव असलेले दिग्दर्शक युकिओ निनागावा यांनी 2006मध्ये वयाच्या सत्तरीत ‘साइतामा गोल्ड थिएटर’ काढलं. अट एकच: वय 55च्या पुढे. बाराशेहून जास्त अर्ज आले, 48 जण निवडले गेले. बहुतेकांचा आयुष्यभर नाटकाशी धंदा म्हणून संबंध आलेला नव्हता. निनागावांनी त्यांना हौशी म्हणून सवलत दिली नाही. ऐन उमेदीत, 1971 साली बसवलेलं आजीबाईंच्या बंडाचं एक नाटक त्यांनी या मंडळींना घेऊन पुन्हा उभं केलं, आणि 2013मध्ये ते पॅरिसपर्यंत गेलं.

2016मध्ये निनागावा गेले. मंडळी चालत राहिली. 2021च्या डिसेंबरात या संस्थेने शेवटचा प्रयोग केला, तोवर नटांचं सरासरी वय ऐंशी ओलांडून गेलं होतं. निरोपासाठी कुनिओ सुगिहारा यांच्या दिग्दर्शनाखाली निवडलं होतं शोगो ओता यांचं 1981चं ‘मिझु नो एकी’, म्हणजे ‘पाण्याचं स्थानक’. या नाटकात एकही संवाद नाही. रंगमंचाच्या मध्यावर एक नळ, त्यातून बारीक धार, आणि एकेक करून येणारी, पाणी पिऊन पुढे जाणारी माणसं.

संवाद नाहीत म्हणजे ऐंशीच्या माणसांना सोपं, असं वाटेल. पण ओतांच्या मूळ प्रयोगात दोन मीटर चालायला पाच मिनिटं लागत. इतकं हळू चालायचं तर प्रत्येक पावलाला शरीराचा सगळा भार एकाच पायावर बराच वेळ तोलावा लागतो. म्हातारपणी पायांचे स्नायू आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव, दोन्ही सैलावलेले असतात, आणि एका पायावर उभं राहणं हीच तर डॉक्टरांची तोलाची चाचणी असते. ते नट एकेक पाऊल उचलत त्या नळापर्यंत जात होते, वाकत होते, पाणी पीत होते.