चारच भाज्या खाणाऱ्याने वजन कमी करायचं तरी कसं?

डाएट चार्ट हातात आला की पहिल्यांदा हुरूप येतो, मग नजर एकेक ओळ खाली जाते तसा चेहरा उतरत जातो. सकाळी दुधीचा ज्यूस, अकराला वाटीभर पपई, जेवणाआधी काकडी-गाजर-बीटची कोशिंबीर, जेवणात पालेभाजी आणि मोड आलेली मटकी, रात्री सूप. ज्याला सगळं चालतं त्याच्यासाठी हे छानच आहे, पण ज्याला पपईचा वास आला तरी मळमळतं, पालेभाजी घशाखाली उतरत नाही आणि कच्ची काकडी दाताखाली आली की अंगावर काटा येतो त्याने काय करायचं? तो बिचारा काही दिवस नाक दाबून खातो, मग एकेक गोष्ट गाळायला लागतो, आणि गाळलेल्याच्या जागी दुसरं काही नसल्यामुळे पोट रिकामं राहतं, मग संध्याकाळी बिस्किटाचा पुडा फुटतो. आणि घरचे म्हणतात, याला मनावर घ्यायचंच नाहीये.

हे बोलणं अन्यायाचं आहे असं मला मनापासून वाटतं. कारण अशा वेळी चार्ट माणसाला बसत नसतो एवढंच झालेलं असतं, आणि न बसणारा चार्ट कितीही शास्त्रशुद्ध असला तरी त्याने वजन उतरत नाही, यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. 2005 साली अमेरिकेत बॉस्टनमधे 160 जाड लोकांना चार गट पाडून चार वेगवेगळे प्रसिद्ध डाएट दिले गेले, एक एकदम कमी कार्बवालं (कार्ब म्हणजे पोळी-भात-साखरेतली कर्बोदकं), एक जवळजवळ बिनतेलाचं, आणि दोन मधली. वर्षाने बघितलं तर चारही गटांत वजन साधारण सारखंच कमी झालेलं, पण एकाच गटातल्या माणसामाणसांत मात्र भरपूर फरक, आणि तो फरक कशाशी जुळत होता तर कोण दिलेलं डाएट किती पाळतंय याच्याशी. डाएट कुठलं याच्याशी नाही. पुढे 2018 मधे स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर गार्डनर यांच्या टीमने 609 लोकांवर वर्षभर कमी फॅट विरुद्ध कमी कार्ब असा सामना लावला, सरासरी वजन उतरलं 5.3 किलो आणि 6 किलो, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने बरोबरीच. तेव्हा चोखंदळ माणसासाठी पहिला प्रश्न "सगळ्यात चांगलं डाएट कुठलं" हा नसून "मला वर्षभर जमेल असं कुठलं" हा आहे.

आता मुळात काही लोकांना इतकं का आवडत नाही? "लहानपणी लाडावून ठेवलं" हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. पण 1931 सालची एक गोष्ट बघा. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या लॅबमधे आर्थर फॉक्स नावाचे केमिस्ट एक पांढरी पावडर बाटलीत भरत होते, थोडी हवेत उडाली, शेजारी काम करणारा सहकारी म्हणाला काय कडू आहे हे, आणि फॉक्सना तर काहीच लागेना. दोघांनी मुद्दाम जिभेवर ठेवून बघितली, एकाला कडूजहर, दुसऱ्याला बेचव. ती पावडर म्हणजे पीटीसी, फिनाइलथायोकार्बामाइड नावाचं रसायन. मग जगभर लोकांना ती चाखायला देऊन नोंदी झाल्या, हा फरक घराण्यात चालत येतो हे लक्षात आलं, आणि 2003 मधे त्यामागचं जीन सापडलं, टीएएस2आर38 नावाचं. जिभेवरचा कडू चव ओळखणारा एक रिसेप्टर या जीनवरून बनतो आणि काहींचा रिसेप्टर फारच तिखट कानाचा असतो म्हणा ना. पीटीसीशी मिळतीजुळती संयुगं कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या घराण्यात असतात. म्हणजे एकाच ताटातली कोबीची भाजी नवऱ्याला गोडसर आणि बायकोला कडवट लागू शकते आणि दोघंही खरंच बोलत असतात.

कोथिंबिरीचंही तसंच. काही लोकांना ती साबणासारखी लागते, त्यांच्यात वास ओळखणाऱ्या एका जीनचं वेगळं रूप जास्त आढळतं असं 2012 मधे दिसलं. आणि नवीन पदार्थाला घाबरणं, म्हणजे ताटात अनोळखी काही दिसलं की आधी नाहीच म्हणणं, यावर लंडनच्या संशोधकांनी 2007 मधे 8 ते 11 वर्षांच्या हजारो जुळ्या मुलांचा अभ्यास केला, तर मुलामुलांतला हा फरक सुमारे 78 टक्के अनुवंशिकतेमुळे असल्याचं निघालं. आईने कसं वाढवलं याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच लहान. मला वाटतं ही गोष्ट प्रत्येक सासूला आणि प्रत्येक आईला सांगायला हवी.

पण अनुवंशिक आहे म्हणजे बदलत नाही असं नाही. त्याकडे येतेच, आधी एक चांगली बातमी.

लग्नाच्या बुफेत पोट टम्म भरलेलं असतं, पुरी-भाजी बघवत नाही, आणि तरी जिलबी दिसली की जागा होते. याचा अभ्यास बार्बरा रोल्स या आहारसंशोधक बाईंनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच केला. एकच पदार्थ खात गेलं की त्या पदार्थाची गोडी कमी होत जाते पण न खाल्लेल्या पदार्थांची तशीच राहते. त्यांच्या एका प्रयोगात चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचेस दिल्यावर लोकांनी एकाच सारणाच्या मानाने साधारण एक तृतीयांश जास्त खाल्लं. म्हणजे जेवढे प्रकार समोर तेवढं खाणं जास्त. आता विचार करा, ज्याला रोज तेच वरण-भात, तीच बटाट्याची भाजी, तीच पोळी चालते, त्याच्याकडे इतरांना मारून मुटकून आणावी लागते ती गोष्ट आयतीच आहे. त्याला कंटाळा येत नाही. रोजचा हिशोब एकदा बसवला की बसला, परत परत मोजायला नको. चोखंदळ माणसाला कुणी हे सांगतच नाही, सगळे त्याच्यात काय कमी आहे तेवढंच सांगतात.

माझ्या मामेबहिणीचं ताट मी जवळून बघितलंय. बटाट्याची पिवळी भाजी, दोन पोळ्या वरून तूप लावून, भात, त्यावर पातळ वरण, आणि कडेला शेंगदाण्याची चटणी. भेंडी नाही, वांगं नाही, पालेभाजी नाही, टोमॅटो फक्त वाटून घातलेला. डाएटवाल्यांनी सगळ्यात आधी तिचा बटाटा बंद केला आणि ती रडकुंडीला आली, कारण तिच्या भाज्यांच्या यादीत तोच तर पहिला. मी हे वाचून ठेवलेलं होतं की 1995 मधे सिडनीत सुसाना होल्ट यांनी 38 पदार्थ प्रत्येकी 240 कॅलरीएवढे लोकांना खायला देऊन दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते मोजलं, व्हाइट ब्रेडला 100 मार्क धरले, तर पहिला नंबर कुणाचा, उकडलेल्या बटाट्याचा, 323 मार्क! क्रोसाँ, म्हणजे लोण्याचा पापुद्र्यांचा पाव, सगळ्यात खाली, 47. बटाटा उकडलेला 100 ग्रॅम म्हणजे 85 कॅलरीच्या आसपास, आणि त्याचेच वेफर्स 100 ग्रॅम म्हणजे 500 च्या वर. तेव्हा दोष बटाट्याचा नाही, कढईतल्या तेलाचा आहे. एक मोठा चमचा तेल जवळजवळ 120 कॅलरीचं, एक छोटा चमचा तूप 45 चं. तिच्या घरी फोडणीला डावभर तेल पडायचं, ते मोजून घालायला लागले, चटणी वाटीतून वाढायच्या ऐवजी चमच्याने घ्यायला लागली (मूठभर शेंगदाणे सुद्धा 170 कॅलरीचे असतात, पौष्टिक आहेत हे खरंच, पण मोजून), भात अर्धा केला आणि वरण दुप्पट आणि घट्ट. एकही नावडता घास न खाता ताट बरंच हलकं झालं.

वरण घट्ट का, तर चोखंदळ लोकांची खरी अडचण भाज्यांइतकीच प्रोटीनची असते आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यांच्या आवडीची यादी काढून बघा, पोळी, भात, ब्रेड, पोहे, साबुदाणा, बिस्किट, सगळं पांढरं-पिवळं आणि सगळं स्टार्च. वाटीभर पातळ वरणात डाळ असते जेमतेम 20 ग्रॅम, म्हणजे प्रोटीन 4 ग्रॅमच्या जवळपास. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) हिशोब वजनाच्या दर किलोला दिवसाला 0.83 ग्रॅम प्रोटीनचा आहे, 70 किलोच्या माणसाला 58 ग्रॅम. वजन उतरवताना प्रोटीन कमी पडलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि भूकही जास्त लागते. पण बरं असं की प्रोटीनवाल्या बऱ्याच गोष्टी चवीला साध्या आहेत, अंडं 6 ग्रॅम, दही टांगून काढलेला चक्का, पनीर, भाजलेले चणे, बेसनाचं धिरडं. यातल्या दोन तरी चालतातच.

आता भाज्या. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 400 ग्रॅम फळं-भाज्या सांगते, आणि ते सोडून द्यायचं असं मी म्हणत नाहीये. पण रस्ता दुसरा आहे. पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांच्याच टीमने 2011 मधे मोठ्या माणसांच्या नेहमीच्या जेवणात भाज्या वाटून मिसळल्या, न सांगता. लोकांनी वजनाने तेवढंच खाल्लं, चवीलाही साधारण तेवढेच मार्क दिले, आणि सगळ्यात जास्त भाजी घातली त्या दिवशी पोटात सुमारे 350 कॅलरी कमी गेल्या. आपल्याकडे ही विद्या कधीपासून आहे! पावभाजीत फ्लॉवर न खाणारा फ्लॉवर खातो. थालीपिठात किसलेला दुधी, वरणात शिजवून घोटलेला लाल भोपळा, पोळीच्या कणकेत वाटलेला पालक, डोशाच्या पिठात गाजर. फक्त पावभाजीतलं बटर हात आखडून घाला, नाहीतर कमावलेलं सगळं तिथेच जातं. आणि हे स्वतःसाठी स्वतः करा, दुसऱ्याने फसवून खाऊ घातलं आणि ते कळलं तर आहे तो पदार्थही सुटतो.

लपवण्याच्या पुढची पायरी म्हणजे सवय. लहान मुलांवरचे प्रयोग असं सांगतात की नवीन पदार्थ 8-10 वेळा, कधी 15 वेळाही, थोडा थोडा चाखल्याशिवाय आवडायला लागत नाही, आणि बहुतेक घरांत तीन-चारदा नको म्हटलं की तो पदार्थ कायमचा बाद होतो. मोठ्यांचंही तंत्र हेच, एका वेळी एकच भाजी, एक घास, जेवणाच्या सुरुवातीला भूक असताना, आणि बाकी ताट ओळखीचं. जबरदस्ती झाली की उलटा परिणाम होतो.

बऱ्याच वेळा चव नाही तर स्पर्श नडतो. भेंडीचा चिकटपणा हा तिच्यातल्या लांब साखळ्यांच्या कर्बोदकांचा, तो पाणी लागलं की सुटतो, म्हणून धुऊन कोरडी पुसून चिरायची, झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परतायची आणि आमसूल किंवा लिंबू घालायचं, आंबटाने तार तुटते. ज्याला शिजलेली गिळगिळीत भेंडी बघवत नाही तो कुरकुरीत भेंडी खाऊ शकतो, आणि ते तळणाऐवजी तव्यावर चमचाभर तेलातही होतं. कडूला मीठ मारतं हेही खरंच आहे, 1997 च्या एका प्रयोगात दिसलं की मिठातलं सोडियम कडूपणा दाबतं आणि त्यामुळे बाकीच्या चवी वर येतात, म्हणून मेथीत चिमूटभर मीठ आधी आणि मग थोडा गूळ. कोबी जास्त शिजला की गंधकाचा वास सुटतो, चटकन परतलेला कोबी वेगळाच लागतो.

हे सगळं नुसत्या आवडीनिवडी असलेल्यांसाठी. काही लोकांचं याच्या फार पुढे असतं, खाण्याच्या विचाराने घाम फुटतो, बाहेर जेवायला जाणं टाळतात, गिळताना अडकेल अशी भीती असते, वजन घटतं किंवा जीवनसत्त्वं कमी पडतात. याला 2013 पासून मानसिक आजारांचं निदान करायच्या अमेरिकन पुस्तकात, डीएसएम-5 मधे, एआरएफआयडी (खाणं टाळण्याचा किंवा फार मर्यादित खाण्याचा विकार) असं नाव आहे, तो आजार आहे, त्यासाठी वजन कमी करायचं डाएट सुरू करणं धोक्याचं ठरू शकतं, आधी डॉक्टर आणि समुपदेशक. आणि यादी लहान असलेल्या प्रत्येकानेच डाएट सुरू करायच्या आधी रक्तातलं हिमोग्लोबिन, बी-12 आणि डी जीवनसत्त्व तपासून घ्यावं, विशेषतः अंडं-मांस न खाणाऱ्याला दूधही आवडत नसेल तर, कारण बी-12 कुठल्याच भाजीत नसतं, कमी पडलं तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी किंवा इंजेक्शनने भरून काढावं लागतं.