हिपॅटायटिस 'सी'च्या गोळ्या घेण्याआधी 'बी'ची तपासणी कशासाठी?

'सी'ची चिठ्ठी घेऊन दुकानात आलेल्या प्रत्येकाला आम्ही 'बी'चा रिपोर्ट विचारतो. "आजार सीचा, मग बीचं काय काढता?" असं पुष्कळ जण म्हणतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून हे पत्रक.

दोन्ही विषाणू रक्तातून पसरतात आणि लिव्हरमध्येच ठाण मांडतात, त्यामुळे एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. तसं असलं की बहुधा सीचा जोर असतो आणि बी दबलेला राहतो. सोफॉसब्युविर, वेल्पाटास्विर, डॅक्लाटास्विर ही औषधं सीला घालवतात, बीला मात्र हात लावत नाहीत. सी गेला की बी डोकं वर काढू शकतो. ऑक्टोबर 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर ठळक चौकटीत तसा इशारा छापायला लावला. तेव्हा त्यांच्याकडे अशा 24 रुग्णांची नोंद होती. त्यांपैकी दोघे दगावले, एकाचं लिव्हर बदलावं लागलं. असं क्वचितच होतं. त्या भीतीने सीचं औषध टाळू नका, बहुतेकांचा सी त्याने कायमचा बरा होतो.

तपासण्या दोन: एचबीएसएजी (काही लॅब हिला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणतात) आणि अँटी-एचबीसी टोटल. दुसरी पुष्कळदा राहून जाते किंवा तिच्याऐवजी नुसती आयजीएम (फक्त ताज्या लागणीची खूण दाखवणारी) केलेली असते. रिपोर्टवर 'टोटल' लिहिलंय ना, ते बघा. पहिली निगेटिव्ह आणि दुसरी पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा बी पूर्वी कधीतरी होऊन गेला. त्याचा अंश लिव्हरच्या पेशींत उरतो. यात धोका फार कमी, पण डॉक्टर एसजीपीटीवर (लिव्हरला इजा होतेय का ते दाखवणारी रक्ततपासणी) लक्ष ठेवतात. पहिलीच पॉझिटिव्ह आली, म्हणजे बी आत्ताही अंगात आहे, तर बीचा डीएनए (रक्तात विषाणू किती आहे ते) तपासतात आणि बहुधा टेनोफोविर किंवा एन्टेकाविर ही बीची गोळी जोडीला देतात. दोन्ही निगेटिव्ह असतील तर बीच्या लशीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

आम्हाला खरी काळजी वाटते ती पुढची. सीच्या 28 गोळ्यांच्या तीन डब्या संपल्या, की काही जण बीची गोळीही आपल्या मनाने बंद करतात. असं अजिबात करू नका. ती सीचा कोर्स संपल्यावरही निदान 12 आठवडे चालू ठेवतात, काहींना तर वर्षानुवर्षं लागते. कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील.

बी उसळला तर बहुतेकदा औषध सुरू झाल्यावर चार ते आठ आठवड्यांत कळतं. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना उडणं, उलट्या, कमालीचा थकवा. यातलं काही दिसलं तर कावीळ उतरवून घेण्यात किंवा झाडपाल्यात दिवस घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

खर्च झेपत नसेल तर सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 2018 पासून आहे. त्याच्या उपचार केंद्रांवर बी आणि सी दोन्हींची तपासणी व औषधं मोफत मिळतात. आमच्याकडूनच घ्यायला हवं असं मुळीच नाही.

येताना चिठ्ठीसोबत जुने-नवे सगळे रिपोर्ट आणा. चालू असलेल्या इतर गोळ्यांची पाकिटंही आणा, ॲसिडिटीच्या गोळीसकट. पोटातलं आम्ल कमी झालं, की वेल्पाटास्विर अंगात नीट शोषलं जात नाही.