ज्युनिअर कॉलेजांचं अनुदान आणि मंत्रालयाच्या चकरा : पार्श्वभूमी

विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेज, म्हणजे शिक्षकांच्या पगाराला सरकारी अनुदान नसलेलं, म्हटलं की आता आझाद मैदानावरचं आंदोलन आठवतं. पण मैदानावर यायच्या कितीतरी आधीपासून हा प्रश्न मंत्र्यांच्या केबिनमध्ये, वित्त विभागाच्या फायलींत आणि शिक्षक आमदारांच्या पत्रांत फिरतोय, त्यामुळे आजच्या मागण्या कळायला थोडं मागे जावं लागतं.

जुनं थोडक्यात सांगतो. सत्तरच्या दशकात दहा अधिक दोन आलं आणि अकरावी-बारावीचे वर्ग शाळांना नाहीतर सिनिअर कॉलेजांना जोडले गेले. अनुदानाचा नियम साधा होता, पहिली चार वर्षं संस्थेने स्वतः चालवायचं, पाचव्या वर्षी २० टक्के आणि मग दरवर्षी वीस-वीस वाढत १००. आजही निवेदनांत ‘प्रचलित धोरणानुसार अनुदान द्या’ असं जे लिहितात ते हेच. १९८३ मध्ये खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, तेव्हापासून बऱ्याच जिल्ह्यांत संस्थाचालक आणि पुढारी हा फरकच राहिला नाही. मंजुरी मागणारा आणि देणारा एकाच पक्षातले, कधी एकाच घरातले, त्यामुळे त्या काळातल्या मागण्यांचे कागदसुद्धा फारसे सापडत नाहीत.

खरी गाठ २००१ ची. तिजोरीत खडखडाट होता म्हणून सरकारने नोव्हेंबर २००१ मध्ये ठरवलं की यापुढे नवी परवानगी ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावरच मिळेल. संस्थांकडून अनुदान मागणार नाही असं हमीपत्र घेतलं आणि संस्थांनी ते दिलंही, कारण त्यांना तेव्हा परवानगीच हवी होती. पण त्या हमीपत्रावर शिक्षकाची सही कुठेच नव्हती. त्याला कॉलेजात घेताना ‘थोडं थांबा, आज ना उद्या अनुदान येणारच’ असंच सांगितलं गेलं. वित्त विभाग आजही हमीपत्राकडे बोट दाखवतो आणि पगाराचा बोजा मोठा आहे हे खरंच आहे, पण सरकारी अभ्यासक्रम शिकवणाऱ्या, बोर्डाचे पेपर तपासणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या सहीची शिक्षा कशासाठी, याचं उत्तर कुठल्याच सरकारने दिलेलं नाही.

मग तो ‘कायम’ शब्द काढा ही मागणी सुरू झाली. जुलै २००९ मध्ये तो शाळांसाठी काढला, ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती. ज्युनिअर कॉलेजांसाठी फेब्रुवारी २०१४ मध्ये काढला, तेव्हा लोकसभेची आचारसंहिता तोंडावर आली होती. गावोगावी पेढे वाटले गेले, पण जीआरमध्ये (शासन निर्णयात) पैसे कधीपासून हे नव्हतंच. शिक्षकांनी त्याचा अर्थ असा घेतला की शब्द गेला म्हणजे जुनं धोरण परत लागू, कॉलेज सुरू झालं त्या वर्षापासून मोजा. सरकारचं म्हणणं असं की शब्द गेला म्हणजे फक्त मूल्यांकनाला पात्र झालात, मूल्यांकनात पास झालात तर यादीत नाव, यादी ‘घोषित’ झाली तर अनुदानाचा विचार, आणि तोही निधी असेल तर. पटसंख्या, बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदं भरल्याची नोंद), इमारत, पुढे बायोमेट्रिक हजेरीसुद्धा, एक कागद कमी पडला की ‘त्रुटी’. घोषित, अघोषित, त्रुटीतले असे शिक्षकांचे गटच पडले, एकाच स्टाफरूममध्ये तीन वेगळ्या मागण्या, आणि मंत्र्यांसमोर जाणारं शिष्टमंडळ तिथेच दुबळं झालं.

शिष्टमंडळाची पद्धतही ठरलेली आहे. हिवाळी अधिवेशनात नागपूरला मोर्चा अडवला जातो, चार-पाच जणांना पोलीस गाडीतून विधानभवनात नेतात, मंत्री निवेदनावर शेरा मारून सही करतात. तो कागद मग शालेय शिक्षण विभागात जातो, तिथून प्रस्ताव होऊन वित्त विभागात, आणि वित्त विभाग शंका काढून परत पाठवतो. बाहेर ‘मंत्री सकारात्मक आहेत’ एवढाच मेसेज ग्रुपवर फिरतो. विधानपरिषदेत शिक्षकांचे ७ मतदारसंघ आहेत, प्रश्न सभागृहात मांडला जातो तो मुख्यतः तिथूनच. आणि ज्युनिअर कॉलेजांच्या हातातलं सगळ्यात जड हत्यार म्हणजे बारावीच्या पेपर तपासणीवर बहिष्कार, कारण निकाल लांबला की पालक ओरडतात. २०२३ मध्ये तो टाकला तेव्हा मंत्र्यांची बैठक लगेच लागली.

सप्टेंबर २०१६ च्या जीआरने २० टक्के मिळालं खरं, पण तेही आधी घोषित शाळांना, दरवर्षी आपोआप वाढणारा टप्पा गेला आणि मागची थकबाकी नाही. पुढच्याच महिन्यात औरंगाबादला मंत्रिमंडळ बैठकीवर गेलेल्या मोर्चावर लाठीमार झाला. १३ सप्टेंबर २०१९ ला पुढचा निर्णय, पुन्हा आचारसंहितेच्या आठवडाभर आधी, त्यात आधीच्या २० वाल्यांना आणखी २० आणि नव्या पात्र कॉलेजांना पहिले २०. तारीख होती १ एप्रिल २०१९. प्रत्यक्षात ते १ नोव्हेंबर २०२० पासून दिलं, म्हणजे १९ महिने गेले, आणि तोवर कोरोनाचं कारणही मिळालं होतं. १४ ऑक्टोबर २०२४ ला वाढीव टप्प्याचा जीआर निघाला आणि दुसऱ्या दिवशी निवडणूक जाहीर झाली.

ह्यातून लोक एक गोष्ट शिकले. आता कोणी नुसता जीआर मागत नाही, पुरवणी मागण्यांत, म्हणजे अधिवेशनात मंजूर होणाऱ्या जादा खर्चात, तरतूद दाखवा म्हणतात. जुलै २०२५ मध्ये पावसाळी अधिवेशन चालू असताना आझाद मैदानावर जी गर्दी झाली ती नव्या निर्णयासाठी नव्हतीच, आधीच्या ऑक्टोबरात निघालेल्या जीआरला पैसे द्या एवढ्याचसाठी होती, भर पावसात. त्यानंतर सरकारने निधीला मंजुरी दिली.

ज्यांची फाईल अजून त्रुटीत अडकलीय ते याच्या बाहेरच आहेत. शिवाय १ नोव्हेंबर २००५ च्या आधी (त्या तारखेपासून नव्या नेमणुकांना जुनी पेन्शन बंद झाली) नेमलेले पण १०० टक्के अनुदान त्यानंतर मिळालेले जुने शिक्षक आहेत, त्यांना जुनी पेन्शन नाकारली गेली. त्यातले बरेच रिटायर झालेत, आणि शिष्टमंडळात त्यांच्यासाठी जागा ठेवायची तर पेपर तपासणीचं हत्यार त्यांच्या हातात उरलेलं नाही.