स्टीलच्या फिल्टरची कॉफी आणि कागदी फिल्टरची कॉफी

‘फिल्टर कॉफी हृदयाला चांगली’ असा मेसेज फिरला की पुणेकराच्या डोळ्यांसमोर वैशाली हॉटेलातला कप येतो, नाहीतर रास्ता पेठेतल्या तमिळ शेजाऱ्यांकडचा वाफाळता डवरा-टंबलर, म्हणजे स्टीलची वाटी आणि पेला. असे निष्कर्ष बहुतेक युरोपातल्या अभ्यासांतून येतात आणि तिथे कॉफी गाळतात ती कागदातून. हा फरक कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

कॉफीच्या बीत तेल असतं आणि त्यात कॅफेस्टॉल व काहवेऑल नावाची दोन द्रव्यं. कॅफेस्टॉलमुळे यकृतात कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लात रूपांतर होण्याची क्रिया मंदावते आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. कागद हे तेल जवळजवळ सगळं अडवतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली कागदी फिल्टर आणला तो कडवट गाळ कपात येऊ नये म्हणून. कोलेस्टेरॉलचा फायदा कळायला पुढे कित्येक दशकं गेली.

आपल्या स्टीलच्या फिल्टरला बारीक भोकं असतात. दाबून बसवलेल्या पावडरीचा थर थोडंफार तेल धरून ठेवतो, पण कागदाची बरोबरी त्याला येत नाही. पावडर पाण्यात उकळून केलेल्या कॉफीत आणि फ्रेंच प्रेसमध्ये तर तेल भरपूर उतरतं. इन्स्टंटमध्ये ते नगण्य असतं.

नॉर्वेत पाच लाखांवर लोकांवर सुमारे २० वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. न गाळलेली कॉफी पिणाऱ्यांपेक्षा गाळलेली पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. हे निरीक्षण आहे. कॉफीमुळेच आयुष्य वाढलं असं त्यातून सिद्ध होत नाही. टाइप-२ मधुमेह आणि यकृताचे आजार कॉफी पिणाऱ्यांत कमी दिसतात, त्याबद्दलही हेच म्हणावं लागेल.

मग स्टीलचा फिल्टर माळ्यावर टाकायचा का? मुळीच नाही. एलडीएल ठीक असेल तर दिवसाच्या एक-दोन कपांनी घाबरण्यासारखं काही नाही. माझ्या मते आपल्याकडे जास्त काळजी करावी ती प्रत्येक कपातल्या दोन चमचे साखरेची. कॉफीच्या पावडरीत मिसळतात त्या चिकोरीत, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळांच्या पुडीत, कॅफीन नसतं, त्यामुळे मिश्र पावडरीत ते तेवढंच कमी. निरोगी माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं. गरोदर बाईने २०० च्या आत राहावं.

एलडीएल वाढलेलं असेल तर मात्र डिकॉक्शन, म्हणजे स्टीलच्या फिल्टरमधून गळणारा कॉफीचा दाट अर्क, उतरल्यावर कॉफीच्या फिल्टर पेपरमधून पुन्हा गाळून घ्या. वेळ लागतो, चवही जरा हलकी होते. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा औषधांबरोबर घरी कॉफी कशी करता हेही डॉक्टरांना सांगा.