ओढ्यानं टाकलेले धोंडे

ग्रँड कॅन्यनमध्ये लाव्हा फॉल्स नावाचा रॅपिड आहे, म्हणजे नदी उतारावर फेसाळत धावते असा टप्पा. त्याच्या थोडं अलीकडे सगळ्या राफ्ट काठाला बांधतात आणि गाइड मंडळी कातळावर चढून उभी राहतात. खाली कोलोरॅडो नदी फेसाळत गर्जत असते, वर चाळिशी ओलांडलेलं ऊन, आणि ही माणसं कितीतरी वेळ नुसती पाण्याकडे बघत असतात. नवख्याला वाटतं, घाबरले की काय! थोडे घाबरलेले असतातही. पण मुख्य म्हणजे ते पाणी वाचत असतात.

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातली ग्रँड कॅन्यन ही वाळवंटी दरी ४४६ किलोमीटर लांब आणि जागोजागी दीड किलोमीटरहून जास्त खोल आहे. दरीच्या वरच्या टोकाला, लीज फेरी या धक्क्यावर राफ्ट पाण्यात पडते. वल्ह्यांनी गेलं तर सफरीला दोनेक आठवडे लागतात. दिवसा नदी, मध्येच बाजूच्या एखाद्या घळीत पायपीट, रात्री काठच्या वाळूवर पथारी. वाटेत दीडशेहून जास्त रॅपिड लागतात. पण सफरीचा बहुतेक वेळ जातो तो संथ पाण्यावर. लूना लिओपोल्ड या जलवैज्ञानिकानं १९६० च्या दशकात मोजून दाखवलं, की या नदीचा जवळजवळ निम्मा उतार तिच्या लांबीच्या जेमतेम दहा टक्क्यांत उरकतो. म्हणजे ही घसरगुंडी नाही, जिना आहे.

मग पायऱ्या कुणी बांधल्या? आपण पटकन म्हणू, जिथे कठीण खडक लागला तिथे. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण नकाशा उघडून बघा, जवळजवळ प्रत्येक मोठ्या रॅपिडच्या शेजारी एखाद्या ओढ्याचं तोंड दिसेल. वर्षातले बरेच दिवस ठणठणीत कोरडा असलेला ओढा. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तिथे वळवासारखा पाऊस कोसळतो. उघडे कडे पाणी धरत नाहीत. मऊ चिकणमातीचे थर सुटतात आणि पाणी, चिखल, दगड यांचा ओल्या काँक्रीटसारखा लगदा घळीतून धावत सुटतो. हा लगदा इतका दाट असतो, की मोटारीएवढे धोंडे त्यात तरंगल्यासारखे वाहत येतात. घळीच्या तोंडाशी येऊन तो सगळा ऐवज नदीच्या पात्रात ओततो. नदी अर्धी तुंबते. वरच्या अंगाला डोह, खाली रॅपिड.

क्रिस्टल रॅपिड हे याचं जिवंत उदाहरण. डिसेंबर १९६६ पर्यंत तिथे घाबरण्यासारखं काही नव्हतं. एका वादळी पावसात क्रिस्टल ओढ्यानं इतके दगड आणून टाकले, की नदीची रुंदी एकदम पावपट झाली आणि ते नाव गाइड लोक दबक्या आवाजात घेऊ लागले.

लाव्हा फॉल्सची गंमत तर नावातच आहे. आजूबाजूला गोठलेल्या लाव्ह्याचे काळे कडे आहेत. काही लाख वर्षांपूर्वी लाव्ह्यानं इथे खरोखरच नदी अडवली होती. पण ते बांध केव्हाच वाहून गेले. आजचा रॅपिड घडवला आहे समोरच्या प्रॉस्पेक्ट कॅन्यनमधून आलेल्या धोंड्यांनी.

आता गाइड काय वाचतो ते बघू. स्वयंपाकघरातल्या सिंकचा नळ सोडा. धार पडते तिथे पातळ, गुळगुळीत, वेगवान पाण्याची चकती दिसते आणि थोड्या अंतरावर पाणी अचानक जाड होऊन संथावतं. त्या गोल कडेला जलोच्छाल म्हणतात. रॅपिडमध्ये साधारण हेच घडतं. चिंचोळ्या जागेत शिरताना नदी जिभेसारखी गुळगुळीत होते, वेग घेते आणि खाली वेग सांभाळेनासा झाला की लाट उभी राहते. समुद्राच्या लाटेत आकार पुढे जातो आणि पाणी जवळपास जागेवरच राहतं. इथे पाणी धावतं, लाट जागची हलत नाही. बुडालेल्या धोंड्यामागे पाणी उलटं फिरतं, तो ‘होल’. राफ्ट त्यात अडकली तर नदी तिला घुसळत बसते. म्हणून जिभेवर नेमक्या कुठल्या जागी शिरायचं ते आधीच ठरवावं लागतं. आत गेल्यावर विचाराला वेळ नसतो.

ओढा अडवतो आणि नदी मोठ्या पुरात धोंडे ढकलून वाट रुंद करते. हे भांडण लाखो वर्षं चाललं आहे. सू कीफर या भूवैज्ञानिक बाईंनी रॅपिड मोजले, तेव्हा जुन्या रॅपिडांपाशी पात्राची रुंदी साधारण निम्म्यावर आलेली आढळली. नदीनं तिथवर साफसफाई केली होती. क्रिस्टलला तेवढं रुंद करायचं तर सेकंदाला सुमारे ११,००० घनमीटरचा पूर लागेल, असा त्यांचा हिशेब.

असा पूर आता आणायचा कुठून? लीज फेरीच्या पंचवीसेक किलोमीटर वर ग्लेन कॅन्यन धरण आहे. १९६३ मध्ये त्याची दारं लागली. १९८३ च्या उन्हाळ्यात बर्फ भराभर वितळलं, सांडव्याचे बोगदे आतून उखडू लागले आणि दारांवर चक्क प्लायवुडच्या फळ्या उभ्या करून पाणी थोपवावं लागलं. तेव्हा सेकंदाला २,६०० घनमीटर पाणी सुटलं, क्रिस्टलला दुमजली घराएवढी लाट उभी राहिली आणि एका माणसाचा जीव गेला. जुन्या नदीला असे पूर काही नवे नव्हते. आता रोजच्या वीजनिर्मितीसाठीचा विसर्ग सेकंदाला ७०० घनमीटरच्या आसपास थांबतो. ओढे मात्र पूर्वीसारखेच दगड आणताहेत. धरण बांधून नदी माणसाळली असं आपण म्हणतो, पण रॅपिडच्या बाबतीत माझ्या मते उलटंच झालं आहे. आवरणारीचे हात बांधले आणि पसारा करणारा मोकळा सोडला.

धरणाच्या खुणा रोज दिसतात. विजेच्या मागणीनुसार पाणी कमीजास्त होतं, त्यामुळे रात्री बांधलेली राफ्ट सकाळी कधी कोरड्या वाळूवर सापडते. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलेल्यांना हे नवं वाटणार नाही. तिथेही भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटल्यावरच मजा सुरू होते. ‘कोलोरॅडो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये तांबूस, पण गाळ धरणामागे अडल्यानं पाणी आता हिरवट दिसतं. जलाशय भरलेला असला की ते खोलातून येतं, तेही ८ ते १२ अंशांचं. उन्हात भाजणारा माणूस पाण्यात पडला तर थंडीनं काकडतो. गाळाविना काठची वाळूही झिजते, म्हणून १९९६ पासून अधूनमधून मुद्दाम मोठा विसर्ग सोडून ती परत चढवतात. तो विसर्ग वाळूला पुरतो. क्रिस्टलच्या धोंड्यांना नाही.

पायपिटीचा हिशेबही निराळा. गडावर आधी चढ, मग उतार. इथे दरीच्या माथ्यावरून निघालं तर आधी उतार, आणि जसजसं खाली जावं तसतसं तापमान वाढतं. दमल्यावर, भर उन्हात, चढ. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि माणूस भोवळून पडतो, म्हणून पाण्याबरोबर खारट खाणं हवंच.

नदीवरून गेलं तर ब्लॅकटेल नावाच्या घळीत दोन पावलांवर एक अचाट जागा आहे. तळहात टेकला की खाली सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा खडक आणि त्याला चिकटून वर पन्नासेक कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म. मधली शंभर कोटींहून अधिक वर्षं झिजून गेली, त्यांचा इथे एक खडाही उरलेला नाही. आपल्या दख्खनचा काळा कातळ अवघा साडेसहा कोटींचा!

लाव्हा फॉल्स पार व्हायला अर्धा मिनिटही लागत नाही. जीभ, मग पांढरं सगळं, तोंडात पाणी, आणि एकदम शांतता. बादल्यांनी पाणी उपसत लोक आरडाओरडा करतात. मागे डाव्या हाताला प्रॉस्पेक्ट कॅन्यनचं तोंड दिसतं. कोरडं ठाक.